श्वासाच्या वह्या, ट्रान्झिशनचे फोटो आणि साउंड हीलिंग: एका हॉलमध्ये हे सगळं कसं लावायचं?

प्रश्न बराच मोठा आहे, म्हणून बाकीच्यांसाठी आधी थोडक्यात सांगते. गर्भाशय काढायच्या ऑपरेशननंतर तुम्ही रोज सकाळी ग्राफच्या वहीत एका श्वासाला एक अशा रेघा मारायला लागलात, वह्यांवर वह्या भरल्या, मग हॉस्पिटलमधल्या कपड्यांवर आणि चादरींवर भरतकाम सुरू केलंत. तुमचा मित्र ट्रान्स आहे, त्याने ट्रान्झिशनच्या काळात, म्हणजे आपल्या खऱ्या जेंडरप्रमाणे शरीर आणि राहणी बदलत असताना, स्वतःचे फोटो काढलेत. तिसरी मैत्रीण साउंड हीलिंग, म्हणजे नाद ऐकवून उपचार, करते, तिला त्याच हॉलमध्ये सेशन्स घ्यायची आहेत. हॉल दोन आठवडे मिळालाय, नाव ठरलंय ‘अध्यात्म, जेंडर, हीलिंग’. दोन जाणकारांना काम दाखवलंत तर एक म्हणाला ही थेरपी आहे, कला नाही, आणि दुसऱ्याने फारच मोघम आहे म्हणून हात झटकले. तुम्ही विचारताय की हे तिन्ही विषय एकत्र बांधायचे कसे आणि स्वतःची गोष्ट भिंतीवर किती सांगायची.

बरीच वर्षं मी याच कामात आहे, दुसऱ्यांची कामं भिंतीवर लावायची आणि त्यांच्याशेजारी काय लिहायचं यावर त्यांच्याशी भांडायचं. माझं म्हणणं असं की विषय बांधायची चिंता सोडून द्या. एका श्वासाला एक रेघ यात ध्यानही आलं, शरीरही आलं आणि आजारपणही आलं, वेगळं बांधायला काही उरलेलंच नाहीये. खरी अडचण ‘हीलिंग’ कुणाचं इथे आहे. तुमच्या वह्या म्हणजे तुमचं जे काही झालं किंवा होतंय त्याची नोंद आहे. मैत्रिणीची सेशन्स म्हणजे येणाऱ्या माणसाला काहीतरी होईल असं दिलेलं आश्वासन. आणि मित्राचे फोटो मला यातल्या कशातच बसत नाहीत, कारण तो बरा होत नव्हता, तो आजारी नव्हताच, तो स्वतःसारखा दिसायला लागला होता. या तीन गोष्टींवर एकच पाटी लावलीत की बघणाऱ्याला मोघम वाटणारच, त्या दुसऱ्या जाणकाराचं काही फार चुकलं नाही.

आता बऱ्याच गोष्टी परिस्थितीवर आहेत हे आधीच सांगून टाकते. मी तुमचं काम पाहिलेलं नाही. हॉल केवढा, भिंतीत खिळे ठोकू देतात का, ऑपरेशनला किती काळ झालाय, मित्राच्या घरी आणि ऑफिसमध्ये सगळ्यांना माहिती आहे की नाही, यावर पुढचं अर्धंअधिक बदलेल. विशेषतः शेवटचा मुद्दा. तो नीट बोलून घेतल्याशिवाय फोटोंचं प्रिंटिंगसुद्धा सुरू करू नका.

थेरपी की कला हा वाद मला स्वतःला फारसा कामाचा वाटत नाही पण तुम्हाला तो लागलाय म्हणून बोलते. एम्मा कुन्त्स नावाची एक स्विस बाई होती, १८९२ चा जन्म, १९६३ मध्ये गेली. ती लोकांवर उपचार करायची आणि १९३८ पासून मोठ्या ग्राफ पेपरवर लोलक धरून चित्रं काढायची, लोलक जिथे जाईल तिथे बिंदू, मग बिंदू जोडत रेघा, एकदा बसली की चित्र पुरं होईपर्यंत उठायची नाही. मग तेच चित्र स्वतःच्या आणि पेशंटच्या मध्ये जमिनीवर पसरायची आणि त्यात बघून निदान करायची. स्वतःला ती संशोधक म्हणायची. तिच्या हयातीत ती चित्रं कलेच्या प्रदर्शनात लागलीच नाहीत, पहिलं मोठं प्रदर्शन १९७३ चं, आणि आज ती मोठमोठ्या म्युझियममध्ये लागतात. तिच्या उपचारांवर माझा विश्वास आहे का, तर अजिबात नाही. पण चित्रासमोर उभी राहिले की त्या शेकडो रेघा एकमेकींना छेदताना जी शिस्त दिसते, कुठेही हात घाईत सुटलेला नाही, ती माझ्या विश्वासावर अवलंबून नाही. तुमच्या जाणकाराला हेच सांगा, किंवा काहीच सांगू नका. काम कशासाठी केलं यावरून ते कला आहे की नाही हे ठरत नाही, ते समोरच्याला बघायला किती देतं यावर बरंच ठरतं.

आणि तुमच्याकडे बघायला देण्यासारखं काय आहे? मला वाटतं नियम. श्वासाला एक रेघ हा नियम कुणालाही एका वाक्यात कळतो आणि तो एकदा कळला की माणूस वहीच्या पानावर स्वतःहून शोधायला लागतो, इथे रेघा जवळजवळ आल्यात, इथे एक लांबलचक आलीये, इथे ओळ मध्येच तुटलीये, काय झालं असेल त्या दिवशी? हे सगळं तुम्ही न सांगता घडतं. म्हणून वहीजवळ एवढंच लिहा: रोज सकाळी, एका श्वासाला एक रेघ, अमुक महिन्यापासून अमुक महिन्यापर्यंत. ‘या रेघांनी मला माझ्या स्त्रीत्वाशी आणि विश्वाशी पुन्हा जोडलं’ असं लिहिलंत की शोधायचं काम संपलं, माणूस मान डोलावून पुढच्या भिंतीकडे जातो. भिंतीवर लावायच्या मजकुराचा जो ड्राफ्ट तुम्ही पाठवलात त्यात असली वाक्यं चार आहेत, मी मोजली, चारही काढा.

याच्या उलट टोकाला काय होतं तेही बघा. जॉर्जियाना हॉटन ही लंडनची बाई, आत्मे आपला हात धरून चित्रं काढून घेतात असं मानायची. १८७१ मध्ये तिने स्वतःच्या पैशाने गॅलरी भाड्याने घेऊन १५५ जलरंग चित्रं लावली. एकात एक गुंतलेले रंगीत धागेच धागे, त्या काळात असं अमूर्त कुणी दाखवत नव्हतं. चित्रांच्या मागे बारीक अक्षरात लांबलचक खुलासे, आणि गॅलरीत ती स्वतः उभी राहून येणाऱ्याला अर्थ समजावून सांगायची. विक्री नावापुरती झाली, ती जवळजवळ कफल्लक झाली. लोक तयार नव्हते हे तर खरंच, पण मला नेहमी वाटतं की इतकं समजावणारी बाई शेजारी उभी असताना चित्राकडे शांतपणे बघणार कोण. आज बघणाऱ्याच्या शेजारी ती नाहीये आणि चित्रं सुंदर दिसतात.

अध्यात्म हल्ली गॅलऱ्यांमध्ये चालतं, हे तुम्हालाही जाणवलं असेल. हिल्मा अफ क्लिंट या स्वीडिश चित्रकर्तीचं न्यूयॉर्कच्या गुगनहाइम म्युझियममधलं प्रदर्शन, २०१८-१९ चं, सहा लाखांवर लोकांनी पाहिलं. या बाईने १९०६ ते १९१५ मध्ये मंदिरासाठी म्हणून १९३ चित्रं केली, ते मंदिर कधी बांधलं गेलं नाही, आणि आपण गेल्यावर वीस वर्षं ही चित्रं बाहेर काढू नका असं सांगून ठेवलं. त्यातली दहा तर सव्वातीन मीटर उंच आहेत, कागदावर टेम्परा, बालपणापासून म्हातारपणापर्यंत. तिच्याकडे निळा म्हणजे स्त्री, पिवळा म्हणजे पुरुष आणि दोन्ही एकत्र आले की हिरवा, म्हणजे जेंडर आणि अध्यात्म तिने एका रंगपेटीतच मिसळून टाकलं होतं. मग २०२२ च्या व्हेनिस बिएनालेत, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या त्या मोठ्या कला-मेळ्यात, सेसिलिया अलेमानी या क्युरेटरने मुख्य प्रदर्शन लावलं त्यात तर बहुतांश कलाकार स्त्रिया किंवा स्त्री-पुरुष चौकटीबाहेरचे होते, शरीराची रूपांतरं, जादू, स्वप्नं असा सगळा मामला. मुद्दा एवढाच की हे शब्द आता इतके फिरलेत की नुसते शब्द ऐकून कुणी थांबत नाही. पाच-सहा वर्षांपूर्वी ‘हीलिंग’ असं लिहिलेला प्रपोजल मी कुतूहलाने उघडायचे, आता आधी फोटो बघते आणि फोटो आवडले तर मग मजकूर. त्यामुळे नावातून तिन्ही शब्द काढून टाका. वस्तूंवरून नाव ठेवा, कामाच्या नियमावरून ठेवा, काहीच सुचलं नाही तर तुमची दोघांची नावं आणि तारखा लिहा, त्यात काही कमीपणा नाही.

आता किती सांगायचं. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे कारण हाच तुमचा खरा प्रश्न आहे असं मला वाटतं आणि याला एक उत्तर नाही.

जो स्पेन्स ही ब्रिटिश फोटोग्राफर, १९८२ मध्ये तिला स्तनांचा कॅन्सर निघाला. हॉस्पिटलला जायच्या आधी तिने स्वतःचा एक फोटो काढून घेतला ज्यात स्तनावर पेनाने लिहिलंय की ही जो स्पेन्सची मालमत्ता आहे, आणि शेवटी प्रश्नचिन्ह. त्या प्रश्नचिन्हात सगळं आलं, डॉक्टर, नवरा, जाहिराती, मी, यातलं नक्की कुणाचं हे शरीर. ती सगळं सांगते, आजाराचं नाव, ऑपरेशन, वॉर्डमधले फोटो, रोझी मार्टिनबरोबर केलेली फोटो-थेरपी सुद्धा, जिथे जुन्या आठवणी पुन्हा वेश करून कॅमेऱ्यासमोर वठवल्या. पण ती रडगाणं गात नाही, ती प्रत्येक फोटोत कुणालातरी प्रश्न विचारते. हॅना विल्क या अमेरिकन कलाकाराने लिम्फोमा, म्हणजे एक प्रकारचा कॅन्सर, झाल्यावर स्वतःचे मोठमोठे रंगीत फोटो काढले, केस गेलेले, बँडेज लावलेले, आणि पोझेस मात्र जुन्या चित्रांमधल्या देवतांच्या. तरुणपणी स्वतःच्या सुंदर शरीरावर काम केलं म्हणून तिला टोमणे मारले गेले होते, हे त्याला उत्तर होतं. ती १९९३ मध्ये गेली, ते फोटो १९९४ मध्ये लागले. या दोघींनी सगळं उघड केलं कारण उघड करणं हाच कामाचा गाभा होता. ते झाकलं असतं तर काम उरलंच नसतं.

दुसरीकडे शिल्पकार लुईज बूर्जुआ घ्या, कारण ती तुमच्या भरतकामाच्या जास्त जवळची आहे. वडील १९५१ मध्ये गेले, त्यानंतर अनेक वर्षं तिचं मनोविश्लेषण चालू होतं, आणि वडिलांवरचा राग तर तिने कधी लपवला नाही. पण २००२ मध्ये तिने कापडाचं एक पुस्तक केलं, ते आठवून बघा किंवा फोटो शोधा. पानं म्हणजे तिच्या १९३८ सालच्या लग्नातले, इतकी वर्षं जपून ठेवलेले लिननचे नॅपकिन, काहींवर तिच्या नावाची आद्याक्षरं भरलेली तशीच आहेत. त्यावर जुन्या कपड्यांचे तुकडे शिवलेत, गोल, पट्ट्या, विणलेल्या चौकटी, आणि पानं अशी बांधलीत की हवं तर सुटी करता येतात. यात आजारपण, बाप, नवरा काहीही ‘सांगितलेलं’ नाही. लग्नातल्या कापडावर साठ-पासष्ट वर्षांनी एक म्हातारी बाई जुने कपडे कापून शिवते, एवढं कळलं की पुरे. तुमच्या हॉस्पिटलच्या कपड्यांचं असंच आहे. तो कपडा बघितल्याबरोबर ओळखू येतो, मागून बांधायच्या नाड्या असतील, धुऊन धुऊन विटलेला रंग असेल. त्यावर भरतकाम दिसलं की ऑपरेशन झालंय हे लहान मूलही सांगेल. कोणतं ऑपरेशन हे सांगायचं की नाही हे तुम्ही ठरवा, पण सांगायचं ठरवलंत तर सरळ एका ओळीत, ‘गर्भाशय काढल्यानंतर घातलेले कपडे, सुती दोरा’ असं कॅप्शनमध्येच, जिथे माध्यम लिहितात तिथे. वेगळा परिच्छेद नको. माझ्या अनुभवात कॅप्शनमधली कोरडी ओळ भिंतीवरच्या भावपूर्ण परिच्छेदापेक्षा जास्त लागते, लोक तिथे परत येऊन वाचतात.

आणि फार कमी सांगण्याचाही धोका आहे, हे कुणी सांगत नाही. फेलिक्स गोन्झालेझ-टोरेस या कलाकाराचं १९९१ चं काम आहे, रंगीत कागदात गुंडाळलेल्या खायच्या गोड गोळ्यांचा ढीग, आदर्श वजन १७५ पौंड, म्हणजे साधारण ७९ किलो. येणाऱ्याने एक गोळी उचलायची, ढीग कमी होत जातो, आणि तो पुन्हा भरता येतो. शीर्षकात कंसात रॉस हे नाव आहे. रॉस त्याचा जोडीदार, त्याच वर्षी एड्सने गेला. २०२२ मध्ये शिकागोच्या म्युझियममध्ये या कामाच्या लेबलवर एड्सचा आणि रॉसचा उल्लेखच नाही हे लोकांच्या लक्षात आलं आणि मोठा आरडाओरडा झाला, मग लेबल बदललं. बघा ना, शब्द गेले की तो नुसता गोळ्यांचा ढीग होतो. म्हणजे काही कामांना एक वस्तुस्थिती लागतेच, ती काढली तर माणूसच पुसला जातो. मी प्रत्येक कामासाठी कलाकाराला एकच विचारते: ही माहिती नसेल तर बघणारा काम चुकीचं वाचेल का? चुकीचं वाचणार असेल तर सांगायचं. फक्त कमी हळहळेल असं असेल तर नाही सांगायचं.

तुमच्या मित्राच्या फोटोंना ही कसोटी लावताना जपून. ट्रान्झिशनचे फोटो क्रमाने लावायचा मोह होतो, डावीकडे आधी, उजवीकडे नंतर, आणि दारातून आत येणारा प्रत्येक जण मग पहिला आणि शेवटचा फोटो ताडून बघतो, मधलं कुणीच बघत नाही. माणसाचं आयुष्य जिमच्या जाहिरातीसारखं दिसायला लागतं. झॅकरी ड्रकर आणि ऱ्हिस अर्न्स्ट या जोडीचे फोटो यासाठी बघायला सांगा त्याला. दोघं एकाच काळात उलट दिशांनी ट्रान्झिशन करत होते, एकमेकांचे फोटो काढत होते, २००८ ते २०१३, आणि ते २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियमच्या बिएनालेत लागले. त्यात ऑपरेशनचा ड्रामा फारसा नाही, बिछाना आहे, आरसा आहे, कंटाळलेला चेहरा आहे, ऊन आहे. प्रेमात असलेल्या दोन माणसांचा अल्बम वाटतो तो. म्हणून क्रम तोडा, आकार लहान-मोठे ठेवा, आणि ज्या फोटोत तो नुसता चहाचा कप घेऊन बसलाय वगैरे असा साधा एखादा असेल तर तोच सगळ्यात मोठा करा.

शिवाय जेंडर म्हणजे एक ट्रान्स माणूस आणि एक गर्भाशय असं ‘कव्हर’ झालं, असं कृपया समजू नका. चित्रकार भूपेन खख्खरचं १९८१ चं ते प्रसिद्ध चित्र बघा, बाल्कनीत एक नग्न माणूस उभा आहे आणि खाली बाप, लेक आणि गाढवाची गोष्ट चाललीये, सगळ्यांना खूश करता येत नाही हेच चित्राचं नाव. तो समलैंगिक असल्याचं तो तिथे उघडपणे मांडतो पण घोषणा एकही नाही, एक माणूस पाठमोरा उभा राहून बघतोय एवढंच. आणि पुढे कॅन्सर झाल्यावर त्याने जखमा, आतडी, पोटातून बाहेर पडणारं काहीबाही असं भयंकर रंगवलं, त्यात ‘बरं होणं’ कुठेही नाही, विनोद मात्र आहे. हे मी मुद्दाम सांगतेय कारण तुमच्या मेसेजमध्ये असा एक सूर आहे की शेवटची वही शांत, सुंदर असली पाहिजे, म्हणजे प्रवास पूर्ण झाल्यासारखं वाटेल. नसेल तर नसू दे. शेवटच्या वहीत रेघा वेड्यावाकड्या असतील तर तीच ठेवा.

आता मैत्रिणीची सेशन्स. माझं स्पष्ट मत आहे की प्रदर्शनाच्या वेळेत नकोत. मार्क रोथको या चित्रकाराच्या १४ चित्रांसाठी अमेरिकेत ह्यूस्टनमध्ये आठ कोनांचं प्रार्थनागृह बांधलं, १९७१ मध्ये उघडलं, आजही लोक तिथे तासन्‌तास बसतात, काही रडतात. रोथकोने मात्र ते उघडायच्या आधीच, १९७० मध्ये, आत्महत्या केली होती. त्याला स्वतःला त्या चित्रांनी वाचवलं नाही. म्हणून एखादी जागा शांत करते असं म्हणा, बरं करते असं लिहू नका, कुठेही, इन्स्टाग्रामवर सुद्धा. आजारी माणसं असली पोस्टर्स वेगळ्या आशेने वाचतात, आणि एखाद्याने औषधं सोडून तुमच्या सेशनला यायला सुरुवात केली तर त्याची जबाबदारी कोण घेणार?

स्पर्शाचं, शरीराचं काम कलेत होऊच शकत नाही असं मात्र नाही. ब्राझीलच्या लिजिया क्लार्कने १९७६ पासून एकेका माणसाला झोपवून त्याच्या अंगावर हवेच्या, पाण्याच्या पिशव्या, दगड, शिंपले असल्या वस्तू ठेवत उपचारासारखं काम केलं, आणि तेव्हा ती स्वतः म्हणायची की मी आता कलाकार राहिले नाही. एका वेळी एकच माणूस, पुन्हा पुन्हा येणारा, बंद खोलीत. त्याच वस्तू नंतर काचेच्या पेटीत ठेवल्या की मेल्यासारख्या दिसतात, म्हणून न्यूयॉर्कच्या मोमा म्युझियमने २०१४ मध्ये तिचं मोठं प्रदर्शन केलं तेव्हा हाताळायला प्रतिकृती आणि सोबत समजावणारी माणसं ठेवली होती. तुमच्या मैत्रिणीला खरंच काही करायचं असेल तर आठवड्यातून एक संध्याकाळ, प्रदर्शन बंद झाल्यावर, वेगळं नाव, आधी नोंदणी, थोडी माणसं. आणि दिवसभर तिचा साउंड स्पीकरवर वाजवत ठेवू नका हां. श्वासाच्या वह्या बघणाऱ्याला स्वतःचा श्वास ऐकू आला पाहिजे.

हॉल लावण्याबद्दल दोन-चार गोष्टी, भराभर. चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंटीमीटरवर येऊ द्या. कागद आणि कापडाला ५० लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड चालतो असा नियम आहे, दोन आठवड्यांत काही फिकं पडणार नाही पण थेट ऊन नको. उजेड कमी ठेवायचा म्हणून अंधार करू नका मात्र, अध्यात्म म्हटलं की लोक खोली काळोखी करतात आणि मेणबत्त्या लावतात, पेन्सिलच्या रेघा दिसतच नाहीत मग. काचेवर दिवा चमकत असेल तर तो वरून साधारण ३० अंशांच्या तिरक्या कोनात वळवून बघा. लेबलचं अक्षर १८ पॉइंटपेक्षा लहान नको, मजकूर ६०-७० शब्दांच्या वर नको. वह्या भिंतीवर नका लावू, टेबलावर ठेवा आणि टेबलाला खुर्च्या. अमेरिकेतल्या टाओसच्या म्युझियममध्ये चित्रकार अ‍ॅग्नेस मार्टिनच्या सात चित्रांची एक आठकोनी खोली आहे, तिथे मधोमध बसायला बाकं आहेत आणि त्यामुळेच ती चित्रं दिसतात. अगदी फिकट पट्ट्या आहेत त्या, उभ्याउभ्या काही कळत नाही. तुमच्या रेघांचंही तसंच होणार.

मूळ वह्या उघड्या पानावर काचेखाली, आणि एका-दोन वह्यांची हुबेहूब छापील प्रत बाहेर, पानं उलटायला. लोकांना पानं उलटू द्याच, नियम हातात आल्याशिवाय कळत नाही.

एका गोष्टीची तयारी कुणी करत नाही म्हणून ती ठळकपणे सांगते. लोक येतील आणि तुम्हाला स्वतःचं सांगतील. गर्भाशयाची ऑपरेशनं, गर्भपात, घरातल्यांनी न स्वीकारलेली मुलं, सगळं. पहिल्या दिवशी छान वाटतं, चौथ्या दिवशी तुम्ही घरी जाऊन कोसळाल. तुमचं ऑपरेशन किती जुनं आहे मला माहीत नाही पण अलीकडचं असेल तर रोज पूर्ण वेळ हॉलमध्ये बसू नका. दुसऱ्या कुणाला तरी बसवा, तुम्ही यायची वेळ ठरवून ती दारावर लावा. दारावरच एक ओळ असू दे की आत शस्त्रक्रिया आणि शरीराबद्दल काम आहे, म्हणजे ज्याला नको तो आधीच वळेल. आत शिरल्यावर बाहेर पडायचा रस्ता पुन्हा सगळ्या कामांवरून जाणारा नको, मध्येच निघता आलं पाहिजे. समुपदेशकाचा एक नंबर टेबलावर ठेवा, उगाच मोठ्या अक्षरात नको. मित्राच्या फोटोंच्या भागात मोबाईलने फोटो काढायला बंदी, आणि त्याने दुसऱ्या दिवशी सांगितलं की हा एक फोटो उतरव तर कारण न विचारता उतरवायचा, हे आत्ताच लेखी ठरवून टाका. त्याच्या फोटोंत दुसरं कुणी दिसत असेल तर त्यांनाही विचारायचंय.

तर थोडक्यात, नावातून तिन्ही मोठे शब्द काढा, वह्यांचा नियम सांगा आणि अर्थ सांगू नका, ऑपरेशन सांगायचं तर कॅप्शनमध्ये, फोटोंचा क्रम तोडा, सेशन्स प्रदर्शनापासून वेगळी करा. हे सगळं करून तुमचं आणि मित्राचं काम एका खोलीत बसत नाही असं वाटलं तर दोन खोल्या करा किंवा मध्ये पडदा लावा, मैत्री आहे म्हणून काम चिकटून लावायलाच पाहिजे असं नाही.

विक्रीचं विचारलंत ते राहिलं. भरतकामाचे तुकडे विकायचे तर विका, वह्या इतक्यात विकू नका, एक जरी गेली तरी मध्ये महिनाभराचं भगदाड पडेल आणि पुढे कुणी सगळ्या एकत्र मागितल्या तर तुमच्याकडे नसतील. आधी त्या सगळ्या स्कॅन करून घ्या, पाठीमागची पानं आणि कव्हरसकट. दोन आठवड्यांच्या प्रदर्शनाच्या तयारीत सगळ्यात जास्त वेळ यालाच लागतो आणि सगळे हे शेवटच्या आठवड्यावर ढकलतात, तेव्हा उद्यापासूनच सुरू करा.